मेंटेनन्सचे पैसे जातात कुठे? सोसायटीत या चुका टाळा

सोसायटीच्या खजिनदारकीत माझी ११ वर्षं गेली. दर सप्टेंबरला वार्षिक सभा भरते आणि दर सप्टेंबरला कोणीतरी उभं राहून विचारतं, "एवढे पैसे जातात कुठे?" विचारणाऱ्याने नोटिशीसोबत आलेला हिशेब बहुतेकदा उघडलेलाही नसतो. तरी प्रश्न चुकीचा नाही. चुका दुसऱ्याच आहेत, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूक समितीच करते.

मेंटेनन्स वाढवला की शिव्या बसतात, म्हणून सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीला, हात लावायचा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) हा निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. दुरुस्ती निधी वेगळा, किमान ०.७५ टक्के. बांधकाम खर्च १२ लाख असेल तर सिंकिंगचे महिन्याला २५० रुपये होतात. बिलात ते कोणाच्या डोळ्यांतही भरत नाहीत. पण ४० फ्लॅटचे वर्षाला १ लाख २० हजार, आणि १८ वर्षांत, व्याज सोडून, २१ लाख ६० हजार.

आमच्याकडे एवढे जमा असायला हवे होते. मी येण्याआधीचे सेक्रेटरी भलते लोकप्रिय, कारण सलग ६ वर्षं त्यांनी मेंटेनन्स एक रुपयाने वाढवला नव्हता. वॉचमनचा पगार वाढला, टँकर वाढले, लिफ्टचा वार्षिक करार महागला. बिल जागच्या जागी. मी हिशेब हातात घेतला त्याच पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका कॉलमचं प्लास्टर सुटलं आणि गंजलेली सळई दिसायला लागली. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे इंजिनीअर म्हणाले, हे काम लांबवू नका. बँकेत गेलो तर सिंकिंगच्या दोन्ही एफडी मुदतीआधीच मोडलेल्या. एकीतून दर वर्षीची तूट भरलेली, दुसरीतून आवारात पेव्हर ब्लॉक आणि गेटला रंग. या निधीला हात लावायला आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो; फाइलमध्ये दोन्ही नाहीत. शेवटी फ्लॅटमागे ४५ हजार रुपये एकरकमी काढावे लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, मग मी १८ वर्षं कशासाठी भरत होते?" मला उत्तर देता आलं नाही. ते सेक्रेटरी अजून गेटवर भेटतात. रंग चांगला टिकलाय म्हणतात.

तेव्हापासून माझी सवय: सिंकिंगची एफडी वेगळी, आणि दर ३१ मार्चला तिच्या पावतीची झेरॉक्स नोटीस बोर्डावर. कोणी मागत नाही, तरी लावायची. नवी समिती आली की पहिल्याच महिन्यात तिला हिशेबाचं अ‍ॅप हवं असतं. घ्या की. चुकीच्या खात्यात टाकलेला खर्च अ‍ॅपमध्येही चुकीच्याच खात्यात दिसतो, फक्त रंगीत.

सभासदांची लाडकी चूक म्हणजे छत गळतंय म्हणून मेंटेनन्स अडवून धरणं. गच्चीतून पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सोसायटीचीच, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताच्या प्लास्टरसकट. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि बिल भरत राहा. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, आणि अडवलेल्या पैशाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग होत नाही. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळत असेल तर मात्र सोसायटीकडे बोट दाखवू नका.

तळमजल्यावर राहता म्हणून लिफ्टचा खर्च चुकत नाही. इमारतीतल्या सगळ्यांना तो सारखाच.

सगळं बिल चौरस फुटांवर काढणं सोपं, म्हणून नवखे खजिनदार तेच करतात. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हा सेवाशुल्काचा भाग प्रत्येक फ्लॅटला समान असतो. पाणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. क्षेत्रफळ बघायचं ते विम्याच्या हप्त्याला.

महिन्याचं बिल ७,५०० रुपयांच्या आत असेल तर त्यावर जीएसटी लावू नका.

आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. अख्ख्या बिलाच्या नव्हे. मालमत्ता करावरही १० टक्के लावलेली बिलं मी पाहिली आहेत, आणि मुकाट भरणारे मालकही.