नवी कयाक वेदगंगेत घालताना

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान अरुंद होडी, घरी आली की निपाणीकडच्या माणसाला हिडकलचं जलाशय खुणावतं आणि चिकोडीकडच्याला कृष्णा. दोन्ही थोडं थांबू द्या. पहिले चार-पाच दिवस बंधाऱ्यामागच्या तुंबलेल्या पाण्यात, काठाला धरूनच काढा.

आधी हंगाम बघा. जून ते सप्टेंबर नदीकडे फिरकू नका; मोठ्या पावसात जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे बंधारे पाण्याखाली जातात. पावसाळा सरून बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वेदगंगा फुगून संथ होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायचा काळ. धुकं विरलं की निघा आणि वारा सुटायच्या आत परता. उन्हाळ्यात मात्र पाटगाव धरणातून पाणी सोडलं की पाऊस नसतानाही नदी चढते, तेव्हा आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. दूधगंगेवर जाणार असाल तर काळम्मावाडी धरणाची चौकशी करा.

जागा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पण निदान दोनशे पावलं लांब निवडा. बरग्यांच्या फटींकडे पाणी ओढत असतं. कयाक तिथं आडवी चिकटली तर पाण्याचा दाब माणसाला सुटू देत नाही. बंधाऱ्याच्या खालीही जाऊ नका. वरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परत आत खेचतं. घटप्रभेत धुपदाळच्या बंधाऱ्याखाली तर कयाक घालूच नका, कारण पुढे 52 मीटरचा गोकाकचा धबधबा आहे.

काठावर जाळी टाकणारे आणि शेतीच्या मोटारी बघणारे असतात. त्यांना राम राम करून मगरीचं विचारा. कृष्णेत मगरी आहेत. पलीकडचा माणूस कानडी बोलणारा असेल तर ‘मोसळे’ हा शब्द ध्यानात ठेवा. ‘दिसली होती’ असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी गाडी वळवा. मोटारीचे पाइप, वायर आणि जाळी कुठं आहेत तेही तेव्हाच कळतं.

आता बूच. उघड्या बैठकीच्या कयाकला मागे पाणी काढायचं बूच असतं. माझं एकदा सैल राहिलं होतं. दहा मिनिटांत मागची बाजू जड झाली, प्रत्येक वल्ह्याला आतून डबडब आवाज यायला लागला आणि कयाक वळेना. काठ जवळ होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी बूच पिळतो, मग बोटाने चाचपतो आणि मगच पाण्यात ढकलतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे आणखी आवळा.

वल्हं मारण्याआधी पडायला शिका. छातीभर पाण्यात, सोबत पोहणारा माणूस ठेवून, मुद्दाम उलटा. कयाक सोडायची नाही आणि वल्हंही सोडायचं नाही. ती पालथी असेल तर पलीकडची कड धरून अंगाच्या भाराने सरळ करा. मग दोन्ही हात बैठकीवर टेका, पाय मागे पाण्याच्या पृष्ठावर आणून जोरात मारा आणि पोटावर आडवे चढा. इथं घाई केली की ती परत उलटते. पोट मधोमध आलं की कुशीवर वळा, बसते व्हा आणि शेवटी पाय आत घ्या. हे लागोपाठ तीनदा जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका. मी हे दोन सकाळी केलं आणि माझी सगळी भीती तिथंच गेली.

वल्हं पायाच्या बोटांजवळ बुडवा, कमरेजवळ बाहेर काढा. जोर दंडाचा नको, कंबर वळवून मारा. घरी ठिकाण आणि परतायची वेळ सांगून निघा.

परतल्यावर तळाला चिकटलेलं केंदाळ (जलपर्णी) वेचून वाळत टाका, नाहीतर तुमच्याच हाताने ते दुसऱ्या तळ्यात जाईल. बूच उघडा आणि कयाक सावलीत पालथी घाला.