ग्रॅनाइट कापताना या चुका टाळा

फोंड्यातल्या एका नव्या फ्लॅटमध्ये ओटा बसवत होते. सिंकसाठी कारागीर ग्रॅनाइट कोरडाच कापत होता. तोंडाला रुमाल, पापण्या पांढऱ्याफटक. काम झाल्यावर त्याने तोच रुमाल झटकला आणि त्यानेच तोंड पुसलं. माझ्या पोटात गोळा आला.

ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात जाऊन बसणारं खनिज. रुमालाने ती अडत नाही. घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. धूळ बसली असं वाटतं तेव्हाही ते हवेत तरंगत असतात. निदान एन-९५ मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेने हवा आत जाते.

पण मास्क शेवटचा. मुळात धूळ उडू द्यायची नाही. पाण्याची नळी जोडलेला कटर घ्या आणि वीजपुरवठ्याला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच, असू द्या. साध्या ग्रायंडरवर मगाने पाणी ओतू नका, शॉक बसेल. पाणी असूनही धूळ उडतेय? मग धार ब्लेडवर, दगडाला टेकते तिथेच पडतेय का ते बघा. बहुतेकदा नळी सरकलेली असते, नाहीतर टाकी रिकामी. दगडावर आधी पाणी शिंपडून भागत नाही, ते क्षणात संपतं. खाली साचलेला चिखल ओला असतानाच काढा. वाळला की त्याची पुन्हा धूळच होते.

केरसुणी आणि ब्लोअर दोन्ही नकोत. ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात आपल्याकडे खिडक्या लावून आत कापत बसतात, तेव्हा शेजारी भिंत रंगवणाराही तीच हवा ओढतो. कामाचे कपडे तसेच घरी नेले तर धूळ मुलांपर्यंत पोचते.

कृत्रिम क्वार्ट्झच्या, म्हणजे दगडाचा चुरा चिकटवून कारखान्यात बनवलेल्या दगडाच्या, ओट्यात सिलिका ९० टक्क्यांहूनही जास्त असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. 'ग्रॅनाइटसारखाच आहे' म्हणून तो कोरडा कापायला घेऊ नका.

सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बरा होत नाही. त्यातून क्षयाचा धोकाही वाढतो आणि दोन्हींत खोकला, धाप सारखीच. म्हणून दवाखान्यात गेल्यावर नुसता खोकला सांगू नका. दगड कापतो, किती वर्षं कापतो, कोरडा की ओला, हे डॉक्टरांना आधी सांगा.