प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग: डिव्हिजन आणि साहित्य कसे निवडावे

प्रॅक्टिकल शूटिंगकडे, म्हणजे जागा बदलत आणि वेळेशी झुंजत टार्गेट टिपण्याच्या खेळाकडे वळणारा नवा शूटर बहुधा "कोणते पिस्तूल घेऊ?" इथून सुरुवात करतो. खरे तर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न डिव्हिजनचा, म्हणजे कोणत्या गटात खेळायचे याचा. मॅगझिनमध्ये किती गोळ्या भरायच्या, होल्स्टर कमरेवर नेमके कुठे बसवायचे, रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) लावता येईल की नाही, नळी किती लांब चालेल, हे सगळे डिव्हिजनच ठरवते. ग्लॉक ३४ चेच बघा. खास स्पर्धेसाठी म्हणून लोक ते हौसेने घेतात. त्याची नळी साधारण १३५ मिलिमीटरची आणि आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये मर्यादा १२७ मिलिमीटरची. हेच पिस्तूल अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेच्या प्रॉडक्शनमध्ये चालते, आयपीएससीच्या प्रॉडक्शनमध्ये चालत नाही. आणि हे कळते तेव्हा पैसे मोजून झालेले असतात.

या लेखात आयपीएससीचे नियम धरले आहेत. नियमपुस्तक अधूनमधून बदलते, म्हणून काहीही विकत घेण्याआधी चालू आवृत्तीतले आपल्या डिव्हिजनचे परिशिष्ट वाचून काढावे. फार मोठे नसते, एका बैठकीत होते. शस्त्र परवाना आणि क्लबचे सुरक्षा प्रशिक्षण या गोष्टी त्याच्याही आधीच्या.

१. गुणांचा हिशेब आधी समजून घ्या

आयपीएससीची स्थापना १९७६ साली अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे झाली. जेफ कूपर पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग या तिघांचा तोल साधायचा, हे या खेळाचे ब्रीद आणि गुणपद्धतीही त्यावरच बेतलेली. स्टेजवर, म्हणजे मॅचच्या एका टप्प्यावर, मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, म्हणजे तुमचा हिट फॅक्टर. आपल्या डिव्हिजनमध्ये ज्याचा हिट फॅक्टर सर्वांत जास्त, त्याला स्टेजचे पूर्ण गुण. बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात.

ताकद मोजतात पॉवर फॅक्टरने. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचे. किमान १२५ भरले तर मायनर, म्हणजे कमी ताकदीचा वर्ग. मेजरसाठी, म्हणजे जास्त ताकदीच्या वर्गासाठी, स्टँडर्ड, क्लासिक आणि रिव्हॉल्वरमध्ये १७०, ओपनमध्ये १६०. टार्गेटच्या मधल्या ए भागात लागलेल्या गोळीला दोघांनाही ५ गुण. फरक पडतो बाहेरच्या भागांत: सीला मेजरचे ४, मायनरचे ३, डीला मेजरचे २, मायनरचा १. टार्गेट चुकले किंवा नो-शूटवर (ज्यावर झाडायचे नाही अशा टार्गेटवर) गोळी गेली, तर दोघांचेही १० गुण वजा.

हा फरक प्रत्यक्षात किती, ते एकदा कागदावर करून पाहावे. बारा गोळ्यांची स्टेज, त्यात नऊ ए आणि तीन सी, वेळ १२ सेकंद. मायनरचे ५४ गुण, हिट फॅक्टर ४.५०. मेजरचे ५७ गुण, हिट फॅक्टर ४.७५. मायनरवाल्याला बरोबरी करायची तर तेवढेच नेम साधून सुमारे ११.३७ सेकंदांत संपवावे लागेल. म्हणजे साठ-पासष्ट शतांश सेकंदांचा प्रश्न. तेवढा वेळ नवा शूटर एका अडखळलेल्या रीलोडमध्ये (मॅगझिन बदलण्यात) सहज घालवतो. म्हणून सुरुवातीला मेजरच्या मागे लागण्यात मला अर्थ वाटत नाही. जास्त धक्का, महाग काडतूस, आणि त्या बदल्यात मिळणारा फायदा असा की तो वापरण्याइतकी सफाई अजून हातात आलेली नसते.

२. डिव्हिजन ओळखा

प्रॉडक्शन ही बहुतेकांसाठी योग्य सुरुवात. पिस्तूल आयपीएससीच्या मंजूर यादीत असावे लागते, साइट साध्या लोखंडी, गुण नेहमी मायनरचेच, आणि सुरुवातीच्या इशाऱ्याला कुठल्याही मॅगझिनमध्ये १५ हून जास्त गोळ्या नकोत. तुमच्या मॅगझिनमध्ये १७ मावत असल्या तरी भरायच्या पंधराच. मोठी स्टेज ३२ गोळ्यांपर्यंतची असते, त्यामुळे रीलोड करावेच लागतात आणि ते कुठे करायचे याचा विचार स्टेज पाहतानाच करावा लागतो. हे शिक्षण दुसऱ्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये इतक्या लवकर मिळत नाही.

प्रॉडक्शन ऑप्टिक्स म्हणजे साधारण तेच पिस्तूल, पण स्लाइडवर रेड डॉट. पुढची साइट धूसर दिसू लागलेल्या वयाच्या शूटरने फार विचार न करता इकडेच यावे. नजर टार्गेटवर ठेवायची आणि ठिपका आपोआप तिथे यायला हवा. सुरुवातीला तो सापडत नाही आणि पिस्तूल गोल गोल फिरवले जाते. तक्रार डॉटची नसते, पकडीची असते. घरी रिकाम्या पिस्तुलावर रोज थोडा वेळ उपसण्याचा सराव केला की ते जमते. अमेरिकेत यूएसपीएसएच्या मॅचमध्ये उतरणार असाल तर जवळची डिव्हिजन कॅरी ऑप्टिक्स. तिथे गोळ्यांच्या आकड्याऐवजी मॅगझिनच्या लांबीवर मर्यादा आहे, त्यामुळे मॅगझिनमध्ये वीसहून जास्त गोळ्या येतात आणि स्टेजची आखणीच बदलते.

स्टँडर्डमध्ये मॅगझिन लावलेले पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. डॉट नाही, कॉम्पेन्सेटर (नळीच्या टोकाचा, धक्का कमी करणारा भाग) नाही, पण ट्रिगर आणि दस्त्यावर काम करायला भरपूर मोकळीक. मेजर गुण हवे असतील तर कॅलिबर किमान .४०. स्पर्धा चुरशीची आणि काडतुसांचा खर्च मोठा.

ओपन म्हणजे कॉम्पेन्सेटर, डॉट, १७० मिलिमीटरपर्यंतची मॅगझिन. पाहायला सर्वांत आकर्षक, आवाजही सर्वांत मोठा. ही पिस्तुले नाजूक तब्येतीची असतात: काडतुसातल्या दारूचे प्रमाण, स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ, सगळे जुळून आले तर अप्रतिम चालतात, नाहीतर स्टेजच्या मधोमध अडकतात. रिकाम्या काडतुसांत दारू-गोळी स्वतः भरण्याची आणि पिस्तूल उघडून दुरुस्त करण्याची आवड नसेल तर या वाटेला जाऊ नये.

क्लासिक ही '१९११' नावाच्या जुन्या पिस्तुलाच्या पद्धतीच्या, एकेरी रांगेच्या मॅगझिनची डिव्हिजन; मेजरला ८ गोळ्या, मायनरला १०. रिव्हॉल्वरमध्ये मेजर गुण फक्त सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरला मिळतात. अमेरिकी रिव्हॉल्वर शूटर जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडल्या होत्या. पाहून हुरूप येतो, पण पहिली डिव्हिजन म्हणून रिव्हॉल्वर निवडणाऱ्याने रीलोडवर मनापासून प्रेम करायला हवे.

३. निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न

काडतुसे कोणती आणि किती मिळतात, हे सर्वांत आधी. ९ × १९ जवळपास सगळीकडे सर्वांत सहज मिळते आणि सर्वांत स्वस्त पडते. .४० किंवा .३८ सुपर ज्यांना नियमित मिळते किंवा स्वतः भरता येते, त्यांनीच त्यांचा विचार करावा. महिनाभर सराव न करता फक्त मॅचला गोळ्या झाडणारा शूटर कुठल्याच डिव्हिजनमध्ये पुढे सरकत नाही.

मग आपल्या क्लबात कोण काय खेळते ते पाहा. निकाल डिव्हिजननुसार लागतो. तुमच्या डिव्हिजनमध्ये दोनच जण असतील तर दुसरा क्रमांक आला तरी त्यातून काही कळत नाही. दहा-पंधरा जण असतील, त्यातले दोघे-तिघे तुमच्याहून खूप चांगले असतील, तर त्यांच्या टक्केवारीशी आपली टक्केवारी ताडून प्रगती मोजता येते. शिवाय अडचणीत सुटे मॅगझिन उसने मिळते.

आधीच घरात एखादे ९ मिमीचे पूर्ण आकाराचे पिस्तूल असेल तर ते मंजूर यादीत आहे का बघा आणि असेल तर त्यावरच पहिला हंगाम काढा.

४. पिस्तूल ठरवा

प्रॉडक्शनमध्ये ढोबळ मानाने दोन वाटा. एक, ग्लॉक १७ सारखे हलके, पॉलिमरचे, बाहेरचा हॅमर (काडतूस पेटवणारा हातोडा) नसलेले. प्रत्येक गोळीला ट्रिगर सारखाच. दुसरी, सीझेड शॅडो २ किंवा टँफोग्लिओ स्टॉक २ सारखे पोलादी, हॅमरचे. शॅडो २ चे वजन सव्वा किलोहून जास्त, म्हणजे ग्लॉक १७ च्या जवळजवळ दुप्पट. धक्का त्यामुळे कितीतरी मवाळ. मात्र प्रॉडक्शनमध्ये अशा पिस्तुलाचा हॅमर सुरुवातीला पूर्ण खाली असावा लागतो. पहिली गोळी लांब आणि जड ट्रिगरने, पुढच्या हलक्या. पहिली गोळी सीमध्ये आणि दुसरी एमध्ये, हे नव्या शूटरच्या टार्गेटवर नेहमी दिसणारे चित्र.

त्यातली धोक्याची जागा हॅमर खाली आणण्याची. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला) गोळी असताना, अंगठ्याने हॅमर धरून, ट्रिगर दाबून तो हळूच उतरवायचा असतो. अंगठा सटकला आणि गोळी सुटली तर मॅचमधून थेट बाहेर. रिकाम्या पिस्तुलावर, प्रशिक्षकासमोर, हात सरावेपर्यंत ही कृती करावी. ज्यांना ती नकोशी वाटते त्यांनी पहिली, बाहेरच्या हॅमरविना पिस्तुलांची वाट धरावी. त्यात कमीपणा काही नाही.

ट्रिगर हलका करून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. प्रॉडक्शनमध्ये पहिल्या गोळीचा ट्रिगर किमान २.२७ किलोचा, किंवा मग प्रत्येक गोळीचा किमान १.३६ किलोचा लागतो. मर्यादेला टेकून ठेवू नका. तपासणीचे वजन आणि तुमच्या घरचा काटा यांत थोडा फरक निघतोच.

५. पट्टा, होल्स्टर, पाउच

माझ्या मते पिस्तुलावर थोडे कमी आणि इथे थोडे जास्त खर्च करावेत. पट्टा दुहेरी घ्या: आतला मऊ, पँटच्या लूपमधून जाणारा, बाहेरचा कडक, त्यावर वेल्क्रोने घट्ट बसणारा. होल्स्टर बसवून रिकामे पिस्तूल झटक्यात उपसा. पट्टा पिस्तुलाबरोबर वर उचलला गेला तर तो सैल किंवा लेचापेचा आहे.

होल्स्टर घट्ट साच्याचे, ट्रिगर पूर्ण झाकणारे असावे. ओपन सोडता इतर डिव्हिजनमध्ये होल्स्टर आणि पाउच (सुटी मॅगझिन ठेवायचे कप्पे) नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकामागेच लावावे लागतात आणि पिस्तूल किंवा मॅगझिन पट्ट्याच्या आतल्या बाजूपासून ५० मिलिमीटरहून लांब जाऊ देता येत नाही. आरशासमोर उभे राहून पट्टीने मोजा. मग रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून पळा, उकिडवे बसा, एका अंगावर झुका. स्टेज चालू असताना पिस्तूल जमिनीवर पडले तर दिवस तिथेच संपतो, ते रिकामे असो वा भरलेले.

पाउचचा स्क्रू जुळवायची सोपी रीत: भरलेले मॅगझिन त्यात घाला आणि पाउच उलटे धरून हलवा. मॅगझिन पडायला नको, पण दोन बोटांनी ओढले की सुटायला हवे. गोळ्यांची टोके पुढच्या दिशेला, म्हणजे हातात घेताना तर्जनी आपोआप पहिल्या गोळीवर टेकते.

प्रॉडक्शनला पाच मॅगझिन लागतात असे धरून चाला: चार पट्ट्यावर, एक पिस्तुलात. प्रत्येकावर रंगाने आकडा घाला. गोळी अडकली की तो आकडा लक्षात ठेवायचा. तेच मॅगझिन पुन्हा त्रास देत असेल तर ते फक्त सरावाला. चेंबर भरायला एक वेगळे, एका गोळीचे मॅगझिन वापरतात आणि मग पूर्ण पंधराचे लावतात. इशाऱ्याच्या वेळी मॅगझिनमध्ये सोळावी गोळी सापडली तर तुमची रवानगी ओपनमध्ये होते, आणि तिथे लोखंडी साइटवर मायनर गुणांनी खेळायचे म्हणजे शिक्षाच.

कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण पहिल्याच दिवशी, स्वतःचे. बूट खडीवर न घसरणारे.

६. काडतूस तपासून मगच साठा करा

मोठ्या मॅचमध्ये तुमच्याकडून काही काडतुसे घेऊन वेग मोजतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट प्रति सेकंदाने गेली तर पॉवर फॅक्टर १३०.२. हे अंतर पुरेसे आहे. १२६ वर समाधान मानणारा शूटर थंडीच्या दिवशी किंवा आखूड नळीच्या पिस्तुलात १२५ च्या खाली घसरतो, आणि मग त्याची सगळी मॅच शून्य गुणांची. बंद डब्यावर छापलेल्या वेगावर विसंबू नका, तो दुसऱ्याच लांबीच्या नळीतला असू शकतो. क्लबातले क्रोनोग्राफ (वेग मोजायचे यंत्र) उसने घेऊन आपल्याच पिस्तुलातून दहा गोळ्या मोजा, आणि मगच पेटी घ्या.

७. पहिल्या मॅचला

नोंदणीत डिव्हिजन लिहिताना तिचे नियम आपल्याला पाठ आहेत ना, हे स्वतःशी ताडून पाहा. पिस्तूल रिकामे, पिशवीत बंद. बाहेर काढायचे ते फक्त सेफ्टी एरियात किंवा रेंज ऑफिसरने सांगितल्यावर. सेफ्टी एरियात काडतुसाला हात लावायचा नाही, अगदी सरावाच्या खोट्या काडतुसालाही नाही.

पिशवीत पिस्तुलाचे स्प्रिंग, पट्ट्याचे सुटे स्क्रू, ॲलन की, तेलाची छोटी बाटली आणि मॅगझिन झटकायचा ब्रश असावा. होल्स्टरचा स्क्रू गोळीबाराच्या हादऱ्यांनी हमखास ढिला होतो, म्हणून दर दोन स्टेजनंतर तो एकदा बोटाने दाबून पाहा.