शॉपिंग सेंटरच्या पार्किंगची नोटीस आली? अपील करताना या चुका टाळा

लिफाफा उघडला की आधी दोन लहान छायाचित्रे दिसतात. एकात गाडीचा पुढचा भाग आणि पांढरी नंबरपाटी, दुसऱ्यात मागचा भाग आणि पिवळी पाटी. खाली आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, आणि त्याखाली ठळक अक्षरांत रक्कम : १०० पौंड, १४ दिवसांत भरल्यास ६० पौंड. ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांकडे असे पत्र कधी ना कधी येते. नोकरी, व्हिसा आणि घरकर्जाची काळजी आधीच डोक्यावर असल्यामुळे अनेक जण ते पुरते न वाचताच पैसे भरून टाकतात, तर काही जण रागाच्या भरात तासाभरात अपील लिहून पाठवतात. माझ्या ओळखीच्या लोकांची अशी बरीच पत्रे मी वाचली आहेत. बाजू खरी असूनही अपील फसते, ते बहुतेक वेळा पत्रावरच्या तारखा आणि शब्द न तपासता लिहायला बसल्यामुळे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढे दिलेले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत.

हा सरकारी दंड आहे असे समजणे

नगरपालिका रस्त्यावरच्या पार्किंगसाठी जी नोटीस देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ असते आणि तिच्यामागे कायद्याने दिलेला दंडाचा अधिकार असतो. शॉपिंग सेंटरच्या आवारातली खासगी कंपनी पाठवते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींची आद्याक्षरे पीसीएन अशीच होतात आणि पत्राची मांडणीही सरकारी वाटावी अशी असते, म्हणून गोंधळ उडतो. प्रत्यक्षात खासगी कंपनीचे म्हणणे एवढेच असते की फलकावरच्या अटी वाचून तुम्ही गाडी लावलीत, त्यामुळे तुमच्यात आणि तिच्यात करार झाला, आणि तो करार मोडल्याबद्दल तुम्ही ठरलेली रक्कम देणे लागता. हा दिवाणी दावा आहे. यात गुन्हा नोंदवला जात नाही आणि परवान्यावर पॉइंट पडत नाहीत.

याच्या अगदी उलट चूक म्हणजे ‘खासगी आहे, टोपलीत टाका’ हा सल्ला ऐकणे. हा सल्ला जुना आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’ने खासगी जमिनीवर गाडीला जॅमर लावण्यास बंदी घातली, पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना एक नवा हक्कही दिला. गाडी कोण चालवत होते हे कळले नाही, तरी ठरावीक अटी पाळल्यास ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्या व्यक्तीकडून, म्हणजे कीपरकडून, कंपनी पैसे मागू शकते. ही पत्रे दुर्लक्षित केल्यास पुढे कोर्टाचा दावा येऊ शकतो आणि उत्तरच दिले नाही तर निकाल एकतर्फी लागतो.

तारखा न मोजता लिहायला बसणे

वर म्हटलेल्या ठरावीक अटींपैकी सर्वांत उपयोगी अट मुदतीची आहे. काचेवर काहीही न चिकटवता केवळ कॅमेऱ्याच्या नोंदीवरून नोटीस पाठवली असेल, तर ती कीपरच्या पत्त्यावर १४ दिवसांच्या आत पोहोचावी लागते. हे दिवस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि टपालात टाकलेले पत्र त्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी पोहोचले असे कायदा गृहीत धरतो. समजा, गाडी शनिवारी १ तारखेला लावली होती. मुदत १५ तारखेला संपते. नोटीस शुक्रवारी १४ तारखेला टपालात पडली असेल, तर शनिवार-रविवार वगळून ती मंगळवारी १८ तारखेला पोहोचली असे धरले जाईल, म्हणजे उशीर झाला. काचेवर नोटीस लावली असेल तर हिशेब वेगळा असतो : आधी २८ दिवस जाऊ द्यावे लागतात आणि त्यापुढच्या २८ दिवसांत कीपरला पत्र मिळावे लागते.

मुदत चुकली म्हणजे दावाच संपला, असा अर्थ मात्र काढू नका. कीपरवरची जबाबदारी संपते, चालकावरची नाही. म्हणून पुढची चूक महागात पडते.

ती चूक म्हणजे अपिलाच्या पहिल्याच ओळीत ‘मी गाडी लावली आणि मला निघायला उशीर झाला’ असे लिहिणे. आपल्याकडे प्रामाणिकपणे सगळे सांगून टाकण्याची सवय असते आणि ती चांगलीच आहे, पण या वाक्याने चालक कोण हे कंपनीला आयतेच कळते आणि मुदतीचा मुद्दा निकामी होतो. गाडी पतीच्या नावावर आणि चालवत होती पत्नी, असे कितीतरी घरांत असते. कीपरने कीपर म्हणूनच लिहावे आणि घडलेल्या गोष्टीविषयी ‘चालकाने’ असा शब्द वापरावा. पोलिसांनी वेगमर्यादेच्या प्रकरणात विचारल्यास चालकाचे नाव सांगणे बंधनकारक असते. खासगी पार्किंग कंपनीला ते सांगण्याचे बंधन नाही. याचा अर्थ खोटे लिहावे असा मुळीच नाही. चालवणारे तुम्हीच असाल तर ‘मी तिथे नव्हतो’ असे कधीही लिहू नका, आणि न्यायालयाने विचारले तर खरे तेच सांगा. नोटीस वेळेत आणि सर्व आवश्यक मजकुरासह आली असेल, तर चालकाचे नाव न सांगण्याने फारसे काही साधत नाही. तेव्हा जोर दुसऱ्या मुद्द्यांवर द्यावा.

‘कंपनीचे नुकसान काय झाले?’ हा मुद्दा मांडणे

हा युक्तिवाद तर्काने बिनतोड वाटतो आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा वापरला जातो. मोफत पार्किंगमध्ये तासभर जास्त थांबल्याने कोणाचे १०० पौंडांचे नुकसान होते? पण या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पार्किंगआय विरुद्ध बीविस’ या खटल्यात दिलेले आहे. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तास मोफत पार्किंग होते, गाडी ५६ मिनिटे जास्त राहिली आणि ८५ पौंडांची मागणी झाली. दुकानांच्या ग्राहकांसाठी जागा सतत मोकळी होत राहावी यात कंपनीचे आणि जमीनमालकाचे न्याय्य हित आहे, त्यामुळे रक्कम प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त असली तरी ती बेकायदा शिक्षा ठरत नाही, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले.

याच निकालात तुमच्या उपयोगाचा धागाही आहे. तिथे फलक मोठे, ठळक आणि जागोजागी होते, आणि रक्कम सहज वाचता येत होती, यावर न्यायाधीशांनी बराच भर दिला होता. तुमच्या सेंटरमध्ये फलक झाडामागे असेल, रात्री त्यावर दिवा नसेल, रकमेची अक्षरे गाडीतून वाचताच येत नसतील, तर ‘करार झालाच नाही’ असे म्हणायला जागा आहे. त्यासाठी छायाचित्रे हवीत, आणि शक्य झाल्यास ती त्याच वेळेला, त्याच प्रवेशमार्गावरून काढलेली हवीत. भर दुपारी काढलेले छायाचित्र रात्री आठच्या पार्किंगबद्दल फारसे काही सिद्ध करत नाही.

कॅमेऱ्याच्या नोंदीलाच पार्किंगचा काळ मानणे

नंबरपाटी वाचणारा कॅमेरा प्रवेश आणि निर्गमन टिपतो. गाडी किती वेळ उभी होती हे तो पाहत नाही. जागा शोधण्यात, लहान मुलांना गाडीतून उतरवण्यात, बाहेर पडताना लागलेल्या रांगेत गेलेली मिनिटेही त्या वेळात मोजली जातात. पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही संघटनांची (ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी) सामाईक आचारसंहिता जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार अटी वाचून थांबायचे की नाही हे ठरवायला सुरुवातीला काही मिनिटे आणि ठरलेला वेळ संपल्यावर निघायला १० मिनिटांची सवलत द्यावी लागते. सात-आठ मिनिटांच्या उशिरासाठी नोटीस आली असेल, तर इतर काही लिहिण्याआधी हा मुद्दा लिहा.

कॅमेऱ्याची आणखी एक चूक मी स्वतः अनुभवली आहे. एका दिवाळीच्या आधी आम्ही सकाळी एका शॉपिंग सेंटरमध्ये भेटवस्तू घ्यायला गेलो, दुपारी घरी आलो आणि एक वस्तू बदलून घ्यायला संध्याकाळी पुन्हा तिथेच गेलो. नोटीस आली ती सलग सात तासांहून अधिक पार्किंगची. सकाळचे निर्गमन आणि संध्याकाळचा प्रवेश नोंदलाच गेला नव्हता, बहुधा पुढे-मागे चिकटून चाललेल्या गाड्यांमुळे. पहिल्या रात्री मी कंपनीला दोन पानांचे संतप्त पत्र लिहिले होते. सुदैवाने ते पाठवले नाही. घरातल्या पिशवीत एक चुरगळलेली पावती सापडली : आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातून घेतलेली कोथिंबीर, दूध आणि बेसन, वेळ दुपारी १ वाजून ४० मिनिटे, कार्डाचे शेवटचे चार आकडे माझ्याच कार्डाचे. ती पावती, बँकेच्या खात्यातली तीच नोंद आणि वस्तू बदलल्याची संध्याकाळची पावती, एवढे तीन कागद आणि पाच ओळींचे पत्र पुरेसे झाले.

ते पत्र मी पार्किंग कंपनीबरोबरच सेंटरच्या व्यवस्थापन कार्यालयालाही दिले होते, आणि नोटीस रद्द झाली ती त्या कार्यालयाच्या सांगण्यावरून. ही वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पार्किंग कंपनी ही जमीनमालकाने नेमलेली असते. तुम्ही तिथले खरे ग्राहक आहात हे पावत्यांवरून दिसले, तर व्यवस्थापन किंवा ज्या मोठ्या दुकानात खरेदी केली त्याचा व्यवस्थापक नोटीस मागे घ्यायला सांगू शकतो. विनंती लवकर आणि सौम्य शब्दांत करा. मात्र तिच्या उत्तराची वाट पाहताना कंपनीकडे अपील करण्याची २८ दिवसांची मुदत जाऊ देऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात.

पैसे भरून लावायच्या पार्किंगमध्ये यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकताना शून्याऐवजी ओ पडणे किंवा एखादे अक्षर चुकणे फार होते. पैसे भरल्याचा पुरावा असेल तर अशा किरकोळ चुकीची नोटीस अपिलानंतर रद्द करावी, असे संहिता सांगते. फेब्रुवारी २०२५ पासून आणखी एक सुधारणा झाली आहे. कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, पण बाहेर पडण्याआधी पैसे भरले, तर केवळ त्या विलंबासाठी आकार लावता येत नाही.

ब्लू बॅज, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीचा पार्किंग परवाना, असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे : रस्त्यावरच्या सवलती खासगी जागेत आपोआप लागू होत नाहीत. परंतु अपंगत्वामुळे जास्त वेळ लागला असेल तर २०१० च्या समानता कायद्याचा उल्लेख करून तसे स्पष्ट लिहावे.

आधी पैसे भरून मग दाद मागणे, किंवा पहिल्या नकारावर थांबणे

पैसे भरले की प्रकरण मिटले असे मानले जाते, आणि त्यानंतर अपिलाचा दरवाजा बंद होतो. ‘६० भरून टाकू, नंतर भांडू’ हा विचार म्हणून सोडून द्यावा. भाड्याच्या किंवा लीजच्या गाडीच्या बाबतीत हे तुमच्या नकळत घडू शकते, कारण नोटीस आधी लीज कंपनीकडे जाते आणि काही कंपन्या परस्पर पैसे भरून ते सेवाशुल्कासह तुमच्याकडून वसूल करतात. पैसे न भरता भाडेकरूचे नाव कळवावे, अशी विनंती त्यांना लेखी करून ठेवावी.

कंपनीचा पहिला नकार ठरीव मजकुराचा असतो. त्याने खचून जाऊ नये. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल तर नकाराबरोबर पोपला या अपील सेवेचा दहा अंकी संकेतांक येतो आणि तिथे जायला २८ दिवस मिळतात. ती इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची सदस्य असेल तर अपील इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे जाते. पोपलासाठी पैसे पडत नाहीत, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. निकाल विरोधात गेला तर तुमच्यावर तो बंधनकारक नसतो, पण सवलतीची रक्कम तोवर हातची गेलेली असते. पुरावा कच्चा असेल तर हा हिशेब आधीच करावा.

पोपलाकडे घरगुती अडचणींचे वर्णन लिहिण्यात शक्ती घालवू नका. तिथला निर्णय नियमांवर होतो : नोटिशीची मुदत, फलक, सवलतीची मिनिटे, आणि त्या जमिनीवर नोटिसा देण्याचा अधिकार कंपनीला मालकाकडून मिळाल्याचा लेखी पुरावा. कंपनी आपली कागदपत्रे अपलोड करते तेव्हा त्यांवर टिप्पणी करायला सात दिवस मिळतात. अनेक जण तो ईमेल उघडतच नाहीत, आणि दुसऱ्याच प्रवेशमार्गाच्या फलकाचे छायाचित्र पुरावा म्हणून बिनविरोध स्वीकारले जाते.

वसुलीच्या पत्राला घाबरणे आणि कोर्टाच्या पत्राला न घाबरणे

वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रे आली की लोक गडबडतात. या एजन्सींना घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलण्याचा कोणताही अधिकार नसतो. मूळ रकमेत ७० पौंड वाढवून त्या मागतात, एवढेच. मात्र ‘लेटर ऑफ क्लेम’, म्हणजे कोर्टात जाण्याआधीची लेखी सूचना, आले तर ३० दिवसांत उत्तर द्यावे, आणि कौंटी कोर्टाचा (स्थानिक दिवाणी न्यायालयाचा) दावा आला तर तो मिळाल्याची पोच १४ दिवसांत नोंदवावी, म्हणजे बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. इथे सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची मोफत मदत जरूर घ्यावी.

सर्वांत वाईट परिणाम मी पाहिला तो ज्यांना यातले एकही पत्र मिळाले नव्हते अशा लोकांच्या बाबतीत. घर बदलले, बँकेला कळवले, मुलांच्या शाळेला कळवले, गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, मात्र जुनाच पत्ता राहिला. कंपनी कीपरचा पत्ता डीव्हीएलए या वाहननोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडून घेते, त्यामुळे नोटीस, स्मरणपत्र आणि कोर्टाचा दावा हे सगळे जुन्या घरी जाते. पुढे घरकर्जाचा अर्ज नाकारला जातो तेव्हा कळते की नावावर कौंटी कोर्टाचा निकाल आहे. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली नाही तर तो सहा वर्षे पतनोंदीत राहतो, आणि तो रद्द करण्याच्या अर्जालाच तीनशेहून अधिक पौंड लागतात. लॉगबुकवरचा पत्ता डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर विनामूल्य बदलता येतो. त्यासाठी लॉगबुकवरचा अकरा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा.