फँटसीत उसनं घेतलेलं आपलं कसं करावं

उसनवारीत गैर काही नाही, ती कुठून केली हे महत्त्वाचं. 'द हॉबिट'चे लेखक टॉल्किन यांनी त्यातल्या गँडाल्फ, थोरिन या पात्रांची नावं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून घेतली. तुम्हीही आवडत्या कादंबरीतून उचलण्याआधी तिच्या मुळापर्यंत जा. नकलेची नक्कल केली की झिजलेलं नाणंच हाती येतं.

मग घेतलेल्या गोष्टीचं माप, द्रव्य आणि काम बदला. ब्रिटनमधली, रोमनांनी सीमेवर बांधलेली हेड्रियनची भिंत मुख्यतः दगडाची, सुमारे ११७ किलोमीटर लांब. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी तिच्यावरून ७०० फूट उंच बर्फाची भिंत रचली आणि पहाऱ्याला आजन्म शपथेने बांधलेली माणसं ठेवली. कथानक या शपथेतून निघतं, नुसत्या उंचीतून नाही.

मसुदा झाला की तीन रकाने आखा: मूळ काय, बदललं काय, त्यामुळे कोणत्या पात्राला काय गमवावं लागतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो घटक सरळ काढून टाका.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: नावं बदलतात, पण अनाथ मुलगा, म्हातारा गुरू, हरवलेली तलवार हा क्रम तसाच ठेवतात. वाचक ओळखतो तो क्रम. अशा वेळी गुरूचा पहिलाच सल्ला चुकीचा ठरू द्या आणि पुढची प्रकरणं त्या चुकीवरून नव्याने मांडा.