दर वेळी आयडी बदलणारं बटण
काल चाललेली सेलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं साधन) टेस्ट आज 'सेव्ह' बटणापाशी अडकली: 'नो सच एलिमेंट', म्हणजे पानावर ते एलिमेंट (घटक) सापडलंच नाही. पान दोनदा रिफ्रेश केलं, तर बटणाच्या आयडीच्या (पानाच्या कोडमधलं ओळखनाव, ज्यावरून टेस्ट ते शोधत होती) शेवटचा आकडा दर वेळी वेगळा. आधी एक्सपाथमध्ये (पानावरचं एलिमेंट शोधायची भाषा) 'स्टार्ट्स-विथ', म्हणजे 'अमुकने सुरू होणारा' ही अट लावून आयडीचा न बदलणारा भाग पकडला. पण तशी दोन बटणं निघाली आणि टेस्ट भलत्याच बटणावर क्लिक करूनही पास होत राहिली. नापास होण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. शेवटी डेव्हलपरकडून बटणाला 'डेटा-टेस्टआयडी' (टेस्टसाठीच दिलेली, न बदलणारी खूण) लावून घेतला.

तरी अधूनमधून 'स्टेल एलिमेंट' (एलिमेंट जुनं झालं) ही एरर यायचीच. पानावरची यादी नव्याने रेंडर झाली (पुन्हा काढली गेली) की आधी धरून ठेवलेलं एलिमेंट निकामी होतं. आता ते साठवत नाही. 'वेबड्रायव्हरवेट' (सेलेनियमची वाट पाहायची सोय) लावून, बटण क्लिक करण्याजोगं झालं की दर वेळी नव्याने शोधतो.