अलिबागला जाताय? आधी तिथी बघा

अलिबागच्या तयारीत पहिली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. तारीख नको, तिथी बघा. कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नऊच्या सुमाराला. अर्धा तास इकडेतिकडे धरा. मी पहिल्यांदा गेलो तो पौर्णिमेला, भर दुपारी बारा वाजता. किल्ला दिसत होता आणि मध्ये समुद्र उधाणलेला. वाळूत बसून भजी खाल्ली आणि परत आलो.

तेव्हा तृतीया ते पंचमी यांतला दिवस धरा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी असते, पाणी नीट हटत नाही. पावसाळा तर नकोच, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचीही तेव्हा बंद असतात. गेटवेहून येणार असाल तर आदल्या दिवशीच मांडव्याला उतरून अलिबागेत मुक्काम करा, नाहीतर सकाळची ओहोटी हातची जाते.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. खडकांवर कालवांची शिंपलं असतात, अनवाणी पाय कापतो, आणि साध्या चपला गाळात रुतून बसतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी हवी. मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी. घोडागाडीही मिळते, पण वय आणि गुडघे साथ देत असतील तर चालाच.

शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, आणि पुढे इथूनच आंग्र्यांचं आरमार हललं. तटाजवळ गेलात की चिऱ्यांच्या फटीत बोट घालून बघा. चुना लागत नाही. नुसते दगडावर दगड. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या दोन तोफांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. फोटो काढण्याआधी ते वाचा. हे सगळं बघताना एक डोळा घड्याळावर ठेवा. ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागायचं, ‘अजून पाणी कमीच आहे’ असं कोणी म्हटलं तरी.

दुपार गावासाठी. कान्होजी आंग्र्यांची समाधी (ते १७२९ साली गेले), हिराकोट किल्ला, आणि चुंबकीय वेधशाळा बाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्यातल्या वेधशाळेची उपकरणं बिघडतील, या धास्तीने ही वेधशाळा १९०४ साली इकडे आणली. इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायचं असेल तर शनिवार टाळा, तो शब्बाथचा दिवस. याच समाजाला कोकणात ‘शनवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे.

पिशवीत एक जागा रिकामी ठेवा. उन्हाळ्यात गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या असतात. त्या अगदी शेवटी, निघताना घ्या.